घोडा न करता शार्लोट लेक: माथेरानची एका दिवसाची पायी सहल

माथेरानला मी पहिल्यांदा गेलो तो मे महिन्यातला रविवार होता. सोबत मावशी, तिची दोन मुलं आणि डब्यांनी भरलेली एक भलीमोठी पिशवी. पायथ्याच्या नेरळ स्टेशनला उतरलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. मिनी ट्रेनची तिकिटं संपलेली आणि टॅक्सीची रांग पार वळसा घालून गेलेली. कसेबसे दस्तुरीला, म्हणजे गाड्या जिथे थांबतात त्या नाक्यावर पोचलो, तर एक घोडेवाला म्हणाला, "शार्लोट लेक आठ किलोमीटर आहे साहेब, मावशींना झेपायचं नाही." झालं, चौघंही घोड्यावर. लेकवर पोचायला तीन वाजले. पाणी पंधरा मिनिटं बघितलं आणि उतरायच्या घाईत परत फिरलो.

पुढच्या खेपेला चालत गेलो तेव्हा कळलं की दस्तुरीपासून लेक पाच किलोमीटरच्या आतबाहेर आहे आणि जवळजवळ सगळी वाट सावलीतून जाते. मावशीही त्यानंतर चालत आली. साठी उलटलेली बाई, वाटेत दोनदा बसली, बस्स.

तेव्हा पहिल्यांदाच जात असाल तर एवढं धरून चला: माथेरानात चालणं अवघड नाही. वर पोचणं आणि वेळेवर खाली येणं, यातच सगळा घोळ होतो. म्हणून या लेखात पायवाटेपेक्षा स्टेशन, नाका आणि घड्याळ यांच्याबद्दलच जास्त लिहिलंय.

१. दिवस ठरवा

शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. एवढं एकच पथ्य पाळलंत तरी निम्मा त्रास वाचतो. मंगळवार-बुधवारी याच वाटेवर तुम्हाला पानांची सळसळ ऐकू येईल, रविवारी फक्त भोंगे लावलेली मोबाइलमधली गाणी.

ऋतूंचं म्हणाल तर ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा नवख्यांसाठी सर्वात सोपा काळ. तळ्यात पाणी असतं, माती घट्ट असते, हवा गार. मार्च-एप्रिलच्या सुमाराला अंजनीला जांभळा बहर येतो, तो बघायला मी मुद्दाम जातो. मे महिन्यात तळं खाली गेलेलं असतं आणि लाल धूळ नाकातोंडात जाते, पण शाळांना सुट्ट्या तेव्हाच असतात, त्याला इलाज नाही.

पावसाळ्याबद्दल दोन मतं आहेत. तळं भरून वाहतं, धुकं झाडांत अडकून राहतं, ते दृश्य खरोखर सुंदर असतं. पण जांभ्या दगडावर शेवाळ धरतं आणि त्यावर पाय ठरत नाही. धुक्यात पॉइंटवरून काहीच दिसत नाही, उलट कडा कुठे संपतो तेही कळत नाही. पहिलीच वेळ असेल तर ऐन जुलैत जाऊ नका. सप्टेंबरच्या शेवटी जा, हिरवळ तीच असते.

२. परतीपासून उलटं मोजा

बहुतेक जण सकाळी किती वाजता निघायचं ते आधी ठरवतात. तुम्ही संध्याकाळी किती वाजता नेरळहून लोकल पकडायची ते आधी ठरवा आणि तिथून मागे या.

समजा, संध्याकाळी सहाची लोकल हवी. मग पाच वाजता दस्तुरीवर टॅक्सीच्या रांगेत असलं पाहिजे, कारण घाट उतरायला अर्धा तास आणि गाडी भरायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. बाजारातून दस्तुरीपर्यंत चालायला पाऊण तास, म्हणजे सव्वाचारला बाजार सोडायचा. बाजारात चहा आणि खरेदीला अर्धा तास धरा. लेककडून बाजारात यायला आणखी चाळीस मिनिटं. म्हणजे लेकचा परिसर तीनच्या सुमारास सोडायचा. आता तुम्हाला पाण्याकाठी आणि पॉइंटवर निवांत तीन-चार तास हवे असतील, तर अकराच्या आसपास लेकवर पोचायला हवं आणि त्यासाठी नेरळ स्टेशनवर साडेआठ-पावणेनऊला उतरायला हवं.

हे कागदावर लिहून ठेवा. रविवारी गेलात तर शेवटच्या टप्प्यात आणखी एक तास घाला, कारण चारनंतर सगळं माथेरान एकदम खाली उतरायला निघतं.

३. कागदपत्रं आणि सामान

वनखात्याचा परवाना वगैरे या वाटेसाठी लागत नाही. लागतं ते असं:

- लोकलचं जाऊन-येऊन तिकीट. संध्याकाळी नेरळच्या खिडकीवर उभं राहायचं नसेल तर सकाळीच परतीचं काढा.
- आधार किंवा दुसरं एखादं ओळखपत्र. क्वचितच कोणी विचारतं, पण मुक्काम करायची पाळी आली तर लॉज त्याशिवाय खोली देत नाही.
- रोख पैसे, सुट्ट्या नोटांसह. वर नेटवर्क येतं-जातं, त्यामुळे सरबतवाल्याकडे क्यूआर कोड असला तरी पैसे जातीलच असं नाही.
- फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला माथेरानचा नकाशा.
- माणशी दीड-दोन लिटर पाणी, घरच्या बाटलीत. इथे प्लॅस्टिकवर कडक नजर आहे आणि ती असायलाच हवी.
- चांगली पकड असलेले बूट. गुळगुळीत तळव्याचे पांढरे स्पोर्ट्स शूज घातलेत तर संध्याकाळी ते पांढरे राहिलेले नसतील.
- चेन किंवा बंद असलेली पाठीवरची सॅक. हातात पिशवी नको. कारण माकडं. त्यांच्याबद्दल पुढे सांगतोच.
- टोपी, एक जादा मोज्यांचा जोड, बँडेज, तुमची नेहमीची औषधं, छोटा टॉर्च.

जेवणाचं म्हणाल तर पोळी-भाजीचे रोल, उकडलेली अंडी, केळी यांपैकी काहीही चालेल, फक्त ते सॅकच्या आत राहू दे. वासाचं लोणचं नेऊ नका.

४. नेरळ आणि तिथून वर

मुंबईकडून कर्जत किंवा खोपोलीची लोकल पकडा, नेरळला उतरा. सीएसएमटीहून दोन तासांच्या आसपास लागतात. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल घ्यायची. भिवपुरी रोडनंतरचं स्टेशन म्हणजे नेरळ.

आता मिनी ट्रेन. सगळ्यांचा जीव तिच्यात अडकलेला असतो, माझाही आहे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात ही दोन फुटी रुळांची लाइन बांधून घेतली. साधारण २१ किलोमीटर, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत ती डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळत वर जाते. पण एका दिवसाच्या सहलीसाठी ती घेऊ नका. वर पोचायला अडीच-पावणेतीन तास लागतात, गाड्या मोजक्याच, आणि तिकिटासाठी खिडकीवर ताटकळावं लागतं. पावसाळ्यात नेरळहून सुटणारी गाडी बंदच असते. दरडींनी ही लाइन वरचेवर तोडली आहे: २००५ च्या पावसानंतर ती २००७ पर्यंत बंद होती, आणि २०१९ मध्ये वाहून गेलेला मार्ग दुरुस्त होऊन पूर्ण गाडी पुन्हा धावली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. मुक्कामाला जाल तेव्हा ट्रेनने जरूर जा. ट्रेनचा दिवस वेगळा आणि चालण्याचा दिवस वेगळा.

आज तुम्ही टॅक्सी घ्या. स्टेशनबाहेर शेअर टॅक्सीचा स्टँड आहे, सीटप्रमाणे भाडं. गाडी भरली की निघते. एकटे-दुकटे असाल तर थोडं थांबावं लागतं, चार-पाच जण असाल तर लगेच सुटते. बसण्याआधी "सीटचे किती?" एवढं विचारून घ्या. घाट उभा आणि वळणांचा आहे. गाडी लागत असेल तर पुढची सीट मागून घ्या आणि पोटभर नाश्ता करून चढू नका. स्टेशनजवळ एक वडापाव पुरे.

स्वतःची गाडी असेल तरी दस्तुरीच्या पुढे नेता येत नाही. २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, रुग्णवाहिकेसारख्या अत्यावश्यक गाड्या सोडल्या तर खासगी वाहनाला आत मज्जाव. सुट्टीच्या दिवशी पार्किंग भरलं की घाटातच गाड्या अडकतात. म्हणून मी तरी लोकलनेच जातो.

५. दस्तुरी नाका: इथे घाई करू नका

टॅक्सी दस्तुरीला थांबते. दार उघडायच्या आत चार माणसं समोर येतील: घोडा, हमाल, हॉटेल, "सात पॉइंट दाखवतो". कोणी सांगेल पुढे रस्ता बंद आहे, कोणी सांगेल गाडी नाही, कोणी आमच्या घोडेवाल्यासारखं अंतर वाढवून सांगेल. यातली कुठलीच माहिती नाक्यावर उभं राहून खरी मानू नका. "चालत जाणार आहोत" असं शांतपणे म्हणा आणि पुढे व्हा. दुसऱ्यांदा कोणी मागे लागत नाही.

हे लिहिताना एक गोष्ट सांगायलाच हवी. घोडा हा इथल्या कितीतरी घरांचा चरितार्थ आहे, आणि बहुतेक घोडेवाले सरळ माणसं आहेत. कोणाचे गुडघे खरंच दुखत असतील तर घोडा जरूर करा, फक्त कुठपर्यंत, किती वेळ, थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का, हे बसायच्या आधी ठरवा. अलीकडे थोड्या ई-रिक्षाही धावू लागल्या आहेत. त्यांच्यापुढे रांग मात्र लांब असते.

पुढे नगरपरिषदेची कराची खिडकी लागते. प्रत्येकाचा प्रवासी कर भरायचा आणि पावती सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवायची. परतेपर्यंत टाकू नका.

नाक्यापासून काही मिनिटांवर अमन लॉज स्टेशन आहे. तिथून माथेरान स्टेशनपर्यंत शटल गाडी सुटते, ती पावसाळ्यातही चालू असते. वीसेक मिनिटांत बाजारात सोडते. सोबत लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तर जाताना शटल आणि येताना चालणं, हा मला सापडलेला सगळ्यात चांगला तोडगा. मिनी ट्रेनची हौसही भागते.

६. दस्तुरी ते बाजार

अडीच-तीन किलोमीटर, पाऊण तास. वाट सौम्य चढाची, लाल मातीची, दोन्ही बाजूंना झाडी. काही भागात रुळांच्या कडेने चालावं लागतं. गाडीची शिट्टी ऐकू आली की बाजूला व्हा, कानात इअरफोन घालू नका. घोड्याला वाट देताना डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही. आणि पायाखाली बघा, लीद सगळीकडे असते.

बाजारात पोचलात की चिक्की आणि चपलांची दुकानं तुम्हाला हाका मारतील. आत्ता काही घेऊ नका. मावशीने एकदा जातानाच दोन किलो चिक्की घेतली होती. ती लेकवर पोचलीच नाही. अर्ध्या वाटेवर एका माकडाने पिशवी फाडली, बाकीच्यांनी बोलावणं नसताना पंगत उरकली.

स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या. पुढे सोय असेलच असं नाही.

७. बाजार ते शार्लोट लेक

ही खरी वाट. बाजार मागे पडला की जुने बंगले सुरू होतात, दगडी खांबांची फाटकं, मागे पडके व्हरांडे. ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौकच्या बाजूने इथे चढून आले आणि माथ्यावरचं हे रान साहेबांच्या नजरेत भरलं. त्यांच्यानंतर मुंबईचे पैसेवाले इथे बंगले बांधत गेले. या बंगल्यांच्या खासगी वाटा मुख्य रस्त्यासारख्याच दिसतात, इथेच नवखा माणूस चुकतो. फाटकाच्या आत जाणारी वाट तुमची नाही. नाव आणि बाण असलेल्या पाट्या बघत चला. दोन वाटांमध्ये संभ्रम पडला तर जिथे लीद जास्त ती लेकची वाट, हा माझा जुना ठोकताळा, आजवर फसलेला नाही.

दोन किलोमीटरची ही वाट पाऊण तासात होते, पण दीड तास घ्या. माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर आहे. झाडं फार उंच नसली तरी इतकी दाट की दुपारी बारालाही खाली कवडसेच पडतात. जांभूळ, हिरडा, अंजनी ओळखायला सोपी. वर बघत चला. फांदीवरून लांब झुपकेदार शेपूट लोंबताना दिसली तर ते शेकरू, आपला राज्यप्राणी. गडबड केली नाही तर बराच वेळ दिसतं. सकाळच्या वेळी माणसाने घातल्यासारखी रेंगाळणारी शीळ ऐकू आली तर वळून बघू नका, तो कोणी टवाळ पोरगा नाही, शीळकरी कस्तूर आहे.

माकडांचं गणित सोपं आहे. त्यांना तुमच्यात रस नाही, तुमच्या हातात आहे. हातात बाटली, पाकीट, मक्याचं कणीस काहीही नको. दात दाखवून समोर बसलं तर डोळ्याला डोळा भिडवू नका, हसू नका, पळू नका. बाजूने चालत राहा. आणि खायला घालू नका. कालच्या प्रवाशाने घातलेल्या बिस्किटांची वसुली ते आज तुमच्याकडून करतात.

८. लेकवर

झाडी संपते आणि एकदम पाणी समोर येतं. एका बाजूला बांध, सभोवती रान. तळ्याच्या उजवीकडे पिसारनाथाचं देऊळ आहे. हे माथेरानचं ग्रामदैवत. आधी तिथे जाऊन यावं असं मला वाटतं. देवळाच्या परिसरात पाण्याचा गारवा असतो आणि लेकच्या काठावरची गर्दी तिथपर्यंत फारशी येत नाही. डबा खायलाही त्याच बाजूची एखादी शांत जागा बघा, देवळापासून जरा अंतर ठेवून.

डबा नको असेल तर काठावर टपऱ्या आहेत: भजी, मॅगी, लिंबू सरबत, भाजलेला मका. दर विचारून मागवा.

पाण्यात उतरू नका. हे तळं गावाच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे, म्हणून पोहायला मनाई आहे, हे एक कारण. दुसरं असं की इथे बुडून माणसं गेली आहेत, त्यांत तरुण, पोहता येणारेही होते. वरून पाणी स्थिर दिसतं, पण काठ एकदम खोल होतो आणि तळाशी गाळ आहे. पाय बुडवायला म्हणून ओल्या दगडावर उभं राहणंसुद्धा नको. मुलं सोबत असतील तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक मोठा माणूस नेमूनच द्या. "सगळे बघतायत" म्हणजे कोणीच बघत नसतं. पावसाळ्यात बांधावरून पाणी पडत असताना सांडव्याकडे फिरकू नका.

९. वेळ उरला तर

इथून दोन पर्याय आहेत. तळ्यापासून लॉर्ड पॉइंट आणि सेलिया पॉइंट अगदी जवळ आहेत, अर्ध्या तासात बघून होतात. दुसरा पर्याय एको पॉइंटवरून लुईझा पॉइंटकडे जाऊन तिकडूनच बाजारात उतरायचा. मला हा जास्त आवडतो, कारण आल्या वाटेने परतावं लागत नाही आणि लुईझावरून समोर प्रबळगडाचा पसारा दिसतो. यात दीडेक तास जातो. पायाखालचं एकूण अंतर, दस्तुरी ते दस्तुरी, दहा-बारा किलोमीटर भरतं.

दोन्ही करायचा मोह होईल. करू नका. "सात पॉइंट, नऊ पॉइंट" हा घोडेवाल्यांचा हिशेब आहे, त्यांना फेरी संपवायची असते.

पॉइंटवर बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, किंवा आहे तो कठड्याच्या पलीकडे जायला बोलावणारा आहे. कातळावरची बारीक खडी गोट्यांसारखी घसरते. फोटो काढणाऱ्यानेही मागे सरकताना मागे बघावं, पडणारा दरवेळी फोटोतलाच असतो असं नाही.

आणखी एक. वन ट्री हिलजवळून शिवाजी लॅडरने सरळ खाली चौककडे उतरता येतं, असं कोणीतरी हमखास सांगेल. वाट आहे, खरी आहे, पण ती डोंगर ओळखणाऱ्यांची आहे. पहिल्या खेपेला, साध्या बुटांनी, दुपारी तीननंतर तिकडे वळू नका.

१०. उतरताना

ठरल्या वेळेला निघा. झाडीमुळे इथे अंधार लवकर पडतो, हिवाळ्यात साडेपाचलाच वाट धूसर होते.

आता बाजारात चहा घ्या, चिक्की घ्या आणि चिक्की सॅकमध्ये घाला. दस्तुरीपर्यंत माकडं आहेतच. प्लॅस्टिकचा आणि खाल्ल्याचा कचरा खाली नेरळपर्यंत न्या. वरचा कचरा खाली न्यायला तिथेही वाहन सहज मिळत नाही, हे लक्षात असू द्या. शटलने यायचं असेल तर बाजारात शिरताच आधी स्टेशनवर तिकिटाची चौकशी करा, चहा नंतर.

दस्तुरीवर टॅक्सीची रांग मोठी दिसली तर अनोळखी चार जणांना सोबत घेऊन पूर्ण गाडी ठरवा, सीटच्या भावातच पडते आणि लगेच निघते. मुंबईकडे जाणारी लोकल नेरळला कर्जतहून भरत आलेली असते, त्यामुळे बसायला मिळेल या आशेवर राहू नका. पुढच्या किंवा मागच्या टोकाच्या डब्याजवळ उभे राहिलात तर निदान सॅक ठेवायला जागा मिळते.

आणि घरी गेल्यावर मोजे बाकीच्या कपड्यांत टाकू नका. आधी नळाखाली लाल पाणी जाईपर्यंत वेगळे धुवा. आमच्या घरात अजून एक गुलाबी झालेला पांढरा शर्ट आहे.